एसजीपीटी नॉर्मल आला, मग लिव्हर खराब कसं?

ऐरोलीहून एका मुलीने वडिलांचे रिपोर्ट पाठवून विचारलं आहे. बाबा ५८ वर्षांचे. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी झाली. बारा वर्षांपासून डायबेटिस, पोटाचा घेर मोठा, दारूला कधी हात लावलेला नाही. यंदा एसजीपीटी, म्हणजे रक्तात मोजलं जाणारं लिव्हरचं एक एन्झाइम, ३६ आला, लॅबने त्यापुढे कसलीही खूण केली नाही, म्हणजे नॉर्मल. २०१७ साली हाच आकडा ८८ होता आणि तेव्हापासून दर तपासणीत तो खाली येत गेला. घरात सगळे निश्चिंत होते. आता डायबेटिसच्या डॉक्टरांनी तेच कागद बघून ‘सिऱ्होसिसची शंका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा’ असं लिहून दिलं. सिऱ्होसिस म्हणजे वर्षानुवर्षांच्या इजेने लिव्हर व्रणांनी भरून कडक होणं. मुलगी विचारते, ‘रिपोर्ट चुकलाय की डॉक्टर?’

कुणीच चुकलेलं नाही. मी ठाण्यात पंचवीस वर्षं पोटाचे आणि लिव्हरचे पेशंट बघते आहे आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा निदान करणार नाही. पण हे आकडे काय सांगतात ते नीट सांगते, कारण ते समजलं तर पुढच्या तपासण्या टाळाव्यात असं तुम्हाला वाटणार नाही.

गोंधळाचं मूळ नावात आहे. सगळ्या तपासण्यांना मिळून आपण ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ म्हणतो, पण एसजीपीटी आणि एसजीओटी लिव्हरचं काम मोजतच नाहीत. ही एन्झाइम्स लिव्हरच्या पेशींच्या आत असतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडतात, आणि किती सांडली तेवढंच लॅब मोजते. बाबा कारखान्यात होते, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगा: एसजीपीटी म्हणजे अपघातांची नोंदवही. अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) आणि बिलिरुबिन (लिव्हर बाहेर टाकतं ते पिवळं द्रव्य) म्हणजे उत्पादनाचे आकडे. एखाद्या शॉपमध्ये अपघात दरवर्षी कमी होत असतील तर आनंदच आहे. पण कामगारच निम्मे उरले म्हणून अपघात कमी झाले असतील, तर ते फक्त उत्पादनाचा आकडा बघितल्यावर कळतं. वर्षानुवर्षं सूज राहून लिव्हरमध्ये जून, चिवट व्रणासारख्या गाठी तयार होतात, निरोगी पेशी कमी होत जातात, आणि मग सांडायलाही फारसं काही उरत नाही. सिऱ्होसिसच्या कितीतरी पेशंटचा एसजीपीटी अगदी नॉर्मल असतो.

त्यामुळे नवा पेशंट आला की मी एकच कागद बघत नाही. जुनी फाइल मागते आणि कोऱ्या पानावर चार ओळी काढते. तुमच्या बाबांच्या कागदांवरून काढल्या त्या अशा. एसजीपीटी: २०१७ मध्ये ८८, २०२० मध्ये ६४, २०२२ मध्ये ४९, आता ३६. त्याखाली प्लेटलेट्स (लिव्हरशी त्यांचा संबंध पुढे सांगते): २ लाख १० हजार, १ लाख ६८ हजार, १ लाख ३० हजार, आता ९६ हजार. त्याखाली अल्ब्युमिन: ४.२, ३.९, ३.५, आता ३.०. पहिली ओळ उतरते म्हणून सगळे खूश होते, पण खालच्या दोन्ही ओळी तिच्याबरोबरच उतरत होत्या. यातला कुठलाही एक कागद सुटा बघितला असता तर यंदापर्यंत कुणाला फारसं काही खटकलं नसतं. २०२० सालच्या प्लेटलेट्स आणि अल्ब्युमिन, दोन्ही आकडे लॅबच्या हद्दीत आहेत. चौथी ओळ आयएनआरची, पण ती तपासणी यंदाच पहिल्यांदा झाली: १.४.

आणखी एका ठिकाणी हे लपलं होतं. यंदाचं टोटल प्रोटीन ७.४ आहे, नॉर्मल. पण टोटल म्हणजे अल्ब्युमिन अधिक ग्लोब्युलिन, म्हणजे रक्तातली बाकीची प्रोटीन्स. अल्ब्युमिन ३.० असेल तर ग्लोब्युलिन ४.४ झालं. लिव्हरच्या जुनाट आजारात अल्ब्युमिन घटतं आणि ग्लोब्युलिन वाढतं, बेरीज मात्र तीच राहते. रिपोर्टच्या तळाशी ‘ए-जी रेशो’ नावाची ओळ असते, जी कुणी वाचत नाही. तुमच्या बाबांचा तो ०.७ च्या आसपास येतो. निरोगी माणसात तो एकाच्या वर असतो.

आता एक हिशेब घरबसल्या करता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एसजीओटी करा. खाली प्लेटलेट्स हजारांत घ्या आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. वरच्या संख्येला खालच्या संख्येने भागा. बाबांचं वय ५८, एसजीओटीही योगायोगाने ५८, गुणाकार ३३६४. प्लेटलेट्स ९६, ३६ चं वर्गमूळ ६, गुणाकार ५७६. भागाकार ५.८. फॅटी लिव्हरच्या पेशंटमध्ये १.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची, म्हणजे लिव्हरमध्ये व्रण साठल्याची, शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर शक्यता बरीच. मधला आकडा आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा बाहेरून मोजणारी तपासणी, करून बघायचं. पासष्टीच्या पुढे खालची हद्द २ धरतात, कारण वयामुळेच आकडा फुगतो. २०१७ चे आकडे घालून बघितले, तेव्हा बाबा ५० वर्षांचे होते आणि एसजीओटी ६० होता, तर दीड येतो. म्हणजे फायब्रोस्कॅन करायची सूचना त्या कागदात तेव्हाच होती. हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. डायबेटिस आणि फॅटी लिव्हर असलेल्या इतर घरांनी आपापल्या जुन्या फाइली आज काढाव्यात म्हणून लिहिते. ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर, काही विशेष नाही’ असं ऐकून किती लोकांनी सोनोग्राफीचा कागद कपाटात ठेवून दिला असेल! फायब्रोसिस किती आहे हे त्या ग्रेडवरून कळत नाही.

एक सावधगिरी. फिब-४ ताप असताना करू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठाण्या-नवी मुंबईत डेंग्यू असतोच, आणि डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात, एसजीओटी चढतो. त्या आठवड्यातल्या आकड्यांवर हिशेब केला तर धडधाकट माणूसही सिऱ्होसिसचा निघेल. उलटंही होतं. ज्याच्या प्लेटलेट्स लिव्हरमुळे कमी आहेत, त्याला दर पावसाळ्यात डेंग्यूचा संशय येतो, पपईच्या पानांचा रस पाजला जातो, आणि दिवाळीला प्लेटलेट्स तरीही लाखाच्या खालीच असतात तेव्हा कुठे शोध सुरू होतो. ताप उतरून दोन-तीन आठवडे झाले तरी प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर जात नसतील तर पोटाची सोनोग्राफी करून पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे का ते बघायलाच हवं. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून सहज पुढे जात नाही, मागे दाब वाढतो, पाणथरी फुगते आणि प्लेटलेट्स तिच्यात अडकून पडतात. रस पिऊन हा दाब कमी होत नाही.

कधी कधी प्लेटलेट्स कमी नसतातच. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या औषधामुळे काही लोकांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजत नाही. अनपेक्षित कमी आकडा आला की मी लॅबला फोन करून स्लाइड डोळ्यांनी बघायला सांगते, नाहीतर सायट्रेटच्या नळीत पुन्हा नमुना घ्यायला लावते. निळ्या झाकणाची नळी आयएनआरसाठी असते. तिच्यात रक्त खुणेपर्यंत भरलेलंच पाहिजे, कमी भरलं तर आयएनआर खोटा वाढलेला येतो. घरी येऊन रक्त नेणारी मुलं धावपळीत असतात. नळी खुणेपर्यंत भरली का, हे तुम्हीच बघा. आणि रक्त काढताना सुई नीट बसली नाही, रक्तपेशी फुटल्या, तर एसजीओटी आणि पोटॅशियम दोन्ही वाढून येतात. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर त्या आकड्यांवर रात्रीची झोप घालवू नका, तपासणी पुन्हा करा.

आयएनआरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण सगळ्यांत लवकर हलणारा आकडा हाच आहे. रक्त गोठवणारे घटक लिव्हर तयार करतं आणि त्यातले काही तासांत संपतात, त्यामुळे लिव्हर खचलं की आयएनआर दोन-तीन दिवसांत वाढतो. अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य वीसेक दिवसांचं, म्हणून ते आठवड्यांच्या गतीने बदलतं. अचानक झालेल्या काविळीत अल्ब्युमिन छान असतं आणि तरीही पेशंट गंभीर असू शकतो. तिथे मी रोज आयएनआर करते. आयएनआर वाढण्याचं दुसरं कारण व्हिटॅमिन के कमी असणं. पित्ताचा मार्ग अडला असेल किंवा बरेच दिवस अँटिबायोटिक्स आणि अर्धपोटी राहणं झालं असेल, तर हे होतं. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन दुसऱ्या दिवशी तपासलं आणि आकडा खाली आला, तर दोष लिव्हरच्या कारखान्याचा नव्हता, कच्च्या मालाचा होता. बाबांचा १.४ हा फार वाईट नाही, पण रक्त पातळ करायची गोळी चालू नसताना तो १.१ च्या आतबाहेर असायला हवा होता.

अल्ब्युमिनलाही दुसऱ्या वाटा आहेत. बाबांना डायबेटिस आहे, तेव्हा किडनीतून प्रोटीन जात नाही ना हे लघवी तपासून आधी बघा. पाय सुजले की लोक किडनी आणि हृदयाकडे बघतात आणि लिव्हर विसरतात, किंवा उलट. आणि एक कळकळीचं सांगणं: लिव्हर खराब आहे म्हणून डाळ, अंडी, दूध बंद करू नका. हा जुना सल्ला अजून घरोघरी चालतो आणि त्याने माणसाचे दंड-मांड्या गळून जातात. सिऱ्होसिसमध्ये वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं. रात्री झोपताना थोडं खाऊन झोपावं, कारण लांब उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. बाबा श्रावणी सोमवार निर्जळी करत असतील तर यंदापासून नको.

उपवासावरून बिलिरुबिन आठवलं. बाबांचं १.८ आहे. ते नुसतं ‘वाढलेलं’ म्हणून सोडू नका, डायरेक्ट किती ते बघा. तिशीतला तरुण, बाकी सगळं उत्तम, फक्त इनडायरेक्ट थोडं जास्त आणि उपवासाला डोळे पिवळसर दिसतात, तर बहुधा तो गिल्बर्ट सिंड्रोम असतो. तो जन्मजात आहे आणि निरुपद्रवी आहे. त्यासाठी काविळीची माळ, नाकात टाकायचं औषध, काहीही लागत नाही. बाबांच्या बाबतीत मात्र डायरेक्ट १.० आहे आणि बाकीचे आकडेही हललेले आहेत, म्हणून इथे गिल्बर्ट म्हणून समाधान मानता येणार नाही.

अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी त्यांचे ठीक आहेत, म्हणजे पित्ताच्या वाटेत अडथळा दिसत नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतं, म्हणून एकटं वाढलं तर जीजीटी जोडीला बघतात. एवढं पुरे.

एसजीओटी ५८ आणि एसजीपीटी ३६, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त. इंटरनेटवर लगेच सापडतं की ‘एसजीओटी जास्त म्हणजे दारू’. दारूच्या लिव्हरमध्ये हे प्रमाण दुपटीच्या वर जातं हे खरं. पण कुठल्याही कारणाने सिऱ्होसिस झाला की एसजीओटी पुढे जातो. माझ्यासमोर एका बाईंनी नवऱ्याला विचारलं होतं, ‘एवढी वर्षं चोरून पीत होतात का?’ ते गृहस्थ माळकरी होते. त्यांचा आजार हिपॅटायटिस सी निघाला, बहुधा तरुणपणी ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून आलेला. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हा घरात या रेशोवरून कुणालाही काही बोलू नका.

तुमच्या फाइलमध्ये हिपॅटायटिसच्या तपासण्या दिसत नाहीत. डायबेटिस आणि पोटाच्या घेरामुळे हे फॅटी लिव्हर असेल असं वाटलं, तरी दुसरं कारण नसेलच असं नाही. हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी, ज्याला काही जुने डॉक्टर अजून ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात, आणि हिपॅटायटिस सीसाठी अँटी-एचसीव्ही या दोन तपासण्या या आठवड्यात करा. अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह आला तर घाबरू नका. ती अँटिबॉडी बरं झाल्यावरही रक्तात राहते. विषाणू आज आहे का, हे फक्त आरएनए तपासणी सांगते. असलाच तर आता बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो कायमचा जातो. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला तर आईची आणि तुम्हा भावंडांचीही तपासणी करायची, निगेटिव्ह असाल तर लस घ्यायची. आणि डॉक्टरांना न लाजता सांगा, बाबा गुळवेलीचा काढा किंवा कुठली पावडर घेतात का. कोविडच्या काळात लोकांनी काढे पोटभर प्यायले, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. ‘झाडपाल्याचं आहे, काही होत नाही’ हे मी मान्य करत नाही.

आता तीन आकडे, जे लिव्हरच्या पानावर नसतात पण लिव्हरमुळे फसवतात. पहिला एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. पाणथरी वाढली की लाल पेशी लवकर मरतात आणि हा आकडा खोटा कमी येतो. बाबांचा ६.१ बघून औषध कमी करायच्या आधी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतर प्रत्यक्ष साखर बघा. दुसरा क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम बघतात. तो स्नायूंतून येतो. स्नायू गळालेल्या माणसात १.२ सुद्धा मला चिंतेचा वाटतो. म्हणून गुडघेदुखीवर किडनीला त्रास देणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयब्रुफेन बंद. लागलीच तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, तीही डॉक्टरांना विचारून. तिसरा सोडियम. पोटात पाणी झालेल्या पेशंटचं सोडियम १२८ आलं की घरचे वरणात मीठ वाढवतात. ते सोडियम मिठाच्या कमतरतेने उतरलेलं नसतं. शरीरात पाणी जास्त साठल्यामुळे ते पातळ झालेलं असतं. मीठ वाढवलं की पोट आणखी फुगतं. लोणचं, पापड, सुकट, सुके बोंबील, फरसाण यांत मीठ किती असतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

सिऱ्होसिस पक्का झाला तर डॉक्टर ‘चाइल्ड-प्यू’ नावाचे गुण मोजतील. बिलिरुबिन दोनच्या आत, एक गुण. अल्ब्युमिन २.८ ते ३.५ मध्ये, दोन गुण. आयएनआर १.७ च्या आत, एक. भ्रम नाही, एक. पाचवा मुद्दा पोटातल्या पाण्याचा. पाणी नसेल तर एक गुण, एकूण सहा, वर्ग ए. सोनोग्राफीत थोडं पाणी दिसलं तर दोन, एकूण सात, वर्ग बी. बाबांच्या पायावर सूज येते असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून सोनोग्राफी पुढच्या महिन्यावर ढकलू नका. वर्ग ए म्हणजे लिव्हर अजून सांभाळून घेतंय. या टप्प्यावर वजन, साखर आणि मूळ कारण धरलं तर माणूस वर्षानुवर्षं नीट जगतो, हे मी माझ्याच पेशंटमध्ये बघितलं आहे.

सोनोग्राफीबरोबर फायब्रोस्कॅन आणि दुर्बिणीची तपासणीही होईल. प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर आणि फायब्रोस्कॅन २० च्या खाली असता तर दुर्बीण थांबवता आली असती. ९६ हजारांवर थांबवू नये. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत का ते त्यात दिसतं, आणि फुगल्या असतील तर रक्ताची उलटी व्हायच्या आधीच गोळीने किंवा बँड घालून सांभाळता येतं. सिऱ्होसिस ठरला की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अल्फा फिटोप्रोटीन, लिव्हरमधल्या कॅन्सरच्या गाठीवर नजर ठेवायला. ‘मागच्या वेळी नॉर्मल होती’ म्हणून एकही चुकवू नका.

एक गोष्ट रक्तात दिसत नाही. लिव्हरमुळे मेंदूवर येणारी सुस्ती ओळखायला लोक अमोनिया करतात, पण तो नमुना बर्फात ठेवून लगेच चालवावा लागतो, आणि आकडा आणि लक्षणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. माझे एक पेशंट, कोपरीचे, बँकेतून परत आले कारण सही जुळत नव्हती. बायकोला वाटलं वय झालं. मी त्यांना कागदावर पाचकोनी चांदणी काढायला सांगितली. तिची टोकं त्यांना जुळवता येईनात. चार दिवस पोट साफ झालेलं नव्हतं. औषध सुरू करून पोट साफ झालं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच कागदावर, चांदणीच्या शेजारी, आपली जुनी वळणदार सही केली. तुम्ही आजच बाबांकडून वहीच्या एका पानावर सही करून घ्या आणि दर रविवारी त्याखाली एक. अक्षर बिघडलं, दिवसा झोप आणि रात्री जाग असं उलटं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शौचाला डांबरासारखं काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर रिपोर्टची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि वर काढल्या त्या चार ओळी वहीत उतरवून ती बरोबर असू द्या.